परड्यातलं ग्रीनहाउस: कणकुंबीला छप्पर, अथणीला सावली

परड्यात ग्रीनहाउस उभं करायचं म्हटलं की बहुतेकजण आधी मोबाइलवर चित्रं बघतात. त्या चित्रांतली बरीचशी घरं थंड मुलखातली असतात. चारी बाजूंनी काच, वर काच, दार घट्ट बसणारं. बाहेर बर्फ असताना आत ऊब कोंडून ठेवायची, एवढंच त्यांचं काम. बेळगावची पौषातली थंडी कितीही बोचरी असली तरी मिरची-टोमॅटोसाठी ऊब कोंडायची पाळी आपल्यावर येत नाही. आपल्याला तोंड द्यायचं असतं ते जून ते सप्टेंबरच्या पावसाला, मार्च ते मेच्या उन्हाला आणि दोन्हींच्या बरोबर येणाऱ्या वाऱ्याला. काचेचं बंद घर इथे एप्रिलमध्ये भट्टी होतं आणि आषाढात आत बुरशी धरतं. म्हणून कुठलं डिझाइन घ्यावं हे ठरवण्याआधी आपल्या गावात पिकाचं नुकसान नक्की कशानं होतं ते ठरवा.

एकाच बेळगाव जिल्ह्यात याचं उत्तर बदलतं. मलप्रभा जिथे उगम पावते त्या कणकुंबीला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस होतो. बेळगाव शहरात तो बाराशे-तेराशेवर येतो आणि अथणी-रायबागकडे सहाशेच्या आसपास. खानापूर, जांबोटीकडे वाफ्यातली कोथिंबीर पावसाच्या माऱ्यानं सडते, तर अथणीकडे तीच कोथिंबीर मे महिन्यात उन्हानं करपते. पश्चिमेकडे हवं छप्पर, पूर्वेकडे हवी सावली. बेळगाव, हुक्केरी, निपाणी हा मधला पट्टा. इथे दोन्ही लागतं, पण एकाच वेळी लागत नाही. मृगाआधी प्लॅस्टिकचा कागद चढवायचा आणि फेब्रुवारी संपता संपता त्यावर सावलीची जाळी ओढायची, असं दोन हंगामांचं घर इथे चांगलं चालतं.

आधी जागा बघा

जागा निवडायला एक दिवस द्या. सकाळी ८, दुपारी १२ आणि ४ वाजता परड्यात सावली कुठे पडते ते खुंट्या ठोकून आखा. निदान सहा तास ऊन मिळेल अशी जागा भाजीला लागते. नारळ, आंबा, फणस यांच्यापासून दहा-बारा फूट तरी लांब राहा. झावळी किंवा वाळकी फांदी पडली की कागद फाटतो, आणि खानापूरकडे त्याच फांदीवरून वानरं छपरावर उड्या टाकतात.

लांबीची बाजू दक्षिण-उत्तर ठेवा. पाइपांच्या सावल्या दिवसभर सरकत राहतात आणि एकच वाफा सावलीत अडकत नाही. दुसरं कारण वाऱ्याचं. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून येतो. लांब बाजू उघड्या असल्या की तो आडवा आत शिरून पलीकडून निघून जातो आणि आतली दमट हवा घेऊन जातो.

माती कोणती आहे तेही आत्ताच बघून घ्या, कारण पाया तिच्यावर ठरतो. तांबड्या मातीत किंवा जांभ्यावर दोन फुटांचा खड्डा पुरतो. पहारीनं खणताना घाम निघेल, पण खांब हलणार नाही. काळ्या रानात माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि खांब तिरके होतात. तिथे मुरूम लागेपर्यंत किंवा निदान तीन फूट खाली जा आणि काँक्रीटभोवती काळी माती परत न भरता मुरूम भरा.

मधल्या पट्ट्यासाठी: कमानीचं छप्पर

परसबागेला पहिलं घर म्हणून आम्ही १० फूट रुंद आणि २० फूट लांब कमानीचं छप्पर सुचवतो. याचं कारण पाइपात आहे. जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी, पाइप २० फुटी येतो. त्याची १० फूट रुंदीची अर्धगोल कमान वाकवली की वळणात १५.७ फूट जातात आणि दोन्हीकडे सव्वादोन फुटांच्या आतबाहेर सरळ पाय उरतात. एका कमानीला एक पाइप. जोड नाही, तुकडा वाया नाही.

पाइप बी क्लासचा (मध्यम जाडीचा), एक इंची घ्या. पातळ पाइप स्वस्त पडतो, पण वाकवताना चेपतो, आणि चेपलेल्या जागीच पुढे मोडतो. वाकवण्याचं काम बेंडिंग मशीन असलेल्या वर्कशॉपात करून घ्या. झाडाच्या बुंध्याला लावून हातानं वाकवलेल्या सहा कमानी सहा आकारांच्या होतात आणि त्यांच्यावर कागद कधीच ताठ बसत नाही.

कमानी ४ फुटांवर एक धरा, म्हणजे २० फुटांत सहा. त्यांचे पाय ज्यांत बसायचे ते सव्वा इंची पाइपाचे ४ फुटी तुकडे: बारा पाय, म्हणजे तीन पाइप. एक इंची पाइप सव्वा इंचीच्या आत सरकतो. तुकडा दोन फूट जमिनीत आणि दोन फूट वर. कमान त्यात एक फूट खाली सोडा आणि आरपार भोक पाडून १० मिलिमीटरचा बोल्ट मारा. असं केल्यानं बाजू तीन फूट सरळ राहते, मध्यावर उंची आठ फूट मिळते, आणि उद्या घर हलवायचं झालं तर बोल्ट काढून कमानी उचलता येतात. वेल्डिंग शक्यतो टाळा. वेल्डिंगच्या जागी जस्त जळतं आणि गंज तिथूनच सुरू होतो. करावंच लागलं तर जोड घासून त्यावर झिंकचा रंग द्या.

पायाचा खड्डा एक फूट बाय एक फूट, दोन फूट खोल, काँक्रीट १:२:४ (सिमेंट, वाळू, खडी). अशा एका खड्ड्यात साधारण १३५ किलो काँक्रीट बसतं. बारा खड्ड्यांना साडेचार पोती सिमेंट लागतं. हे जास्त वाटतं, आणि बरेचजण इथेच हात आखडता घेतात. पण छप्पर खाली दाबलं जाईल म्हणून हे वजन नाही. एप्रिल-मेच्या वळवाचा वारा छपराखाली शिरून ते वर उचलतो, आणि त्या वेळी घराला जमिनीत धरून ठेवणारं दुसरं काही नसतं. खड्ड्यात नुसते दगड-माती ठेचून उभे केलेले खांब पहिल्या मोठ्या वळवात हमखास सुटतात.

दोरी लावून बाराही पाय एका पातळीत आणि काटकोनात आणा. दोन्ही कर्ण मोजा: १० बाय २० ला कर्ण २२ फूट ४ इंच भरतो. दोन्ही सारखे आले की मगच काँक्रीट ओता. ते सात दिवस पाणी मारून मुरू द्या, मगच कमानी चढवा.

आडवे पाइप तीन, पाऊण इंची: एक माथ्यावर, दोन खांद्यांवर. माथ्यावरचा पाइप कमानींच्या वरच्या अंगानं बांधा, खालून नको. अर्धगोल कमान माथ्याशी जवळजवळ सपाट असते आणि तिथेच पाणी साचतं. पाइप वर आला की कागदाला बारीकशी धार मिळते आणि पाणी दोन्हीकडे निसटतं. हे का जपायचं, त्याचा हिशेब करून बघा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक किलो. कागदाला पोट सुटून चौरस मीटरभर जागेत ५ सेंटिमीटर पाणी साचलं, तर तिथे ५० किलोचं सिमेंटचं पोतं ठेवल्यासारखं होतं. कागद ताणतो, पोट वाढतं, आणखी पाणी साचतं, आणि रात्रीत कमान वाकते.

कागद

२०० मायक्रॉनचा, म्हणजे ८०० गेजचा, यूव्ही प्रक्रिया केलेला, म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांना टिकणारा, पॉलिथिन कागद घ्या. साधा पारदर्शक कागद एका उन्हाळ्यात पापडासारखा कडकडून तुटतो. यूव्हीचा कागद नीट बसवला तर साधारण तीन वर्षं जातो. कागद किलोवर विकतात, म्हणून वजन आधी काढून ठेवा: २०० मायक्रॉनच्या एका चौरस मीटरचं वजन १८४ ग्रॅम. आपल्या छपराला ७ मीटर पन्ह्याच्या कागदाचा साडेपाच मीटर तुकडा पुरतो. पन्हा लांबीच्या बाजूनं टाका, म्हणजे दोन्ही टोकांना दीड-दीड फूट उरतो. वजन भरेल साडेसात किलोच्या आत. दुकानात तराजूवर साडेपाच-सहाच किलो भरलं, तर कागद दीडशे-एकशे सत्तर मायक्रॉनचा आहे असं समजा.

कागद पाइपाला टेकतो तिथे तो आधी जळतो. उन्हात पाइप तापतो आणि कमानींच्या रेघेवर कागद पिवळा पडून चिरतो. यावर साधा उपाय म्हणजे कमानींच्या वरच्या अंगाला पांढरा ऑइलपेंट, किंवा जुन्या कागदाची पट्टी. पाणीपुरवठ्याचा पीव्हीसी पाइप कमानीला वापरू नका. तो उन्हानं ठिसूळ होतो आणि त्याला टेकलेला कागदही लवकर खराब होतो.

कागद चढवायला वारा पडलेला दिवस निवडा. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास, ऊन थोडं चढल्यावर. अगदी पहाटेच्या गारव्यात ताणलेला कागद दुपारी सैल पडतो आणि वाऱ्यावर फडफडून स्वतःलाच फाडतो. चार माणसं लागतात. आधी एक लांब बाजू चॅनेलमध्ये (खोबणीच्या पट्टीत) झिगझॅग स्प्रिंगनं पक्की करा, मग समोरची ओढून घ्या, शेवटी दोन्ही टोकं. चॅनेल साधारण ७५ फूट लागेल. खिळे आणि तारेनं कागद बांधू नका. भोक पडलं की फाटायची सुरुवात तिथूनच होते.

दोन्ही लांब बाजू तीन फुटांपर्यंत उघड्या ठेवायच्या आहेत. घराच्या जमिनीचा निदान चौथा हिस्सा एवढी जागा हवेला उघडी हवी. २०० चौरस फुटांना ५० चौरस फूट. आणि कीडरोधक जाळी हवा अडवत असल्यानं जाळी लावली तर त्याच्या दुप्पट. दोन बाजूंनी मिळून आपल्याकडे १२० चौरस फूट भरतात, शिवाय दोन्ही टोकांचा कमानीखालचा भाग जाळीचा ठेवला की वरची गरम हवाही सुटते. पश्चिमेच्या बाजूला पाइपावर गुंडाळणारा कागदाचा पडदा लावा. झड आत येऊ लागली की खाली सोडायचा, उघडीप मिळाली की लगेच वर.

खानापूर, जांबोटीच्या पावसाला: दुपाखी

दोन-दोन दिवस न थांबणाऱ्या पावसात कमानीपेक्षा दुपाखी छप्पर खात्रीचं. या भागातल्या कौलारू घरांचा उतार बघा, तेवढाच इथे लागतो. १० फूट रुंदीला मधलं आढं कडेपेक्षा तीन फूट वर घेतलं की उतार तीस अंशांच्या जरा वर जातो. कडेचे खांब सहा फूट, माथा नऊ फूट, वासे तीन फुटांवर एक.

या घराचं खरं काम माथ्यावर आहे. दोन्ही पाखी आढ्यावर एकत्र मिळवू नका. पश्चिमेचं पाखं फूटभर वर उचलून पूर्वेच्या पाख्यावर दीड फूट पुढे काढा. मधल्या फटीतून गरम, दमट हवा दिवसरात्र बाहेर पडते, आणि पश्चिमेचा पाऊस वरच्या पाख्यावरून पुढे निघून जातो. फट पश्चिमेला तोंड करून ठेवली तर पहिल्याच आठवड्यात वाफे भिजतील. पश्चिमेच्या पागोळ्यांना दीड फूट बाहेर काढा.

बांबू इथे मुबलक, आणि वाशांना भरीव बांबू चांगला चालतो. खांबाला मात्र बांबू जमिनीत पुरू नका. डांबर लावलं तरी वाळवी दोन पावसाळ्यांत वाट काढते. खाली काँक्रीटमध्ये लोखंडी पाइप आणि त्यावर बांबू, अशी सांगड घाला. कागदाला लागणारी प्रत्येक गाठ आणि पेर तासून वर जुन्या सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळा.

पाणी कुठे जाणार हे छप्पर उभं करण्याआधीच ठरलं पाहिजे. २०० चौरस फूट छपरावर ५० मिलिमीटर पाऊस म्हणजे नऊशेच्या वर लिटर, आणि इथे तेवढा एका दुपारीसुद्धा पडतो. दोन्ही बाजूंना फूटभर रुंद, फूटभर खोल चर काढा, दर दहा फुटांना एक इंच उतार द्या आणि तळाला जांभ्याच्या ठिकऱ्या टाका. आतली जमीन बाहेरच्यापेक्षा सहा इंच उंच हवी.

अथणी, रायबाग, गोकाकला: जाळीचा मांडव

इथे कागदावर पैसे घालू नका. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, आणि त्यात कागदाखाली जे होतं ते झाडांना सोसत नाही. टोमॅटोची फुलं दिवसाचा पारा ३५ च्या वर राहिला की गळायला लागतात. या भागात शेडनेटचा, म्हणजे सावलीच्या जाळीचा, सपाट मांडव पुरतो. नऊ फूट उंच, खांब दहा फुटांवर, वर तारांची चौकट. द्राक्षबागेतून निघालेले जुने अँगल मिळाले तर खांबांचा खर्च वाचतो. फक्त त्यांच्या धारेवर ठिबकची जुनी नळी चिरून चढवा, नाहीतर जाळी कापली जाते.

फळभाजीला ३५ टक्के सावली देणारी, पालेभाजीला आणि तरव्याला (रोपांना) ५० टक्क्यांची जाळी. ७५ टक्क्यांची जाळी दुकानदार आग्रहानं देतात, कारण खाली उभं राहिलं की गार वाटतं. माणसाला बरं वाटतं, पण मिरची उंच, लेचीपेची वाढते आणि फुलं धरत नाही. रंगात आमची पसंती पांढऱ्या जाळीला. काळी जाळी स्वतः तापते आणि हिरवीखाली पिकाला उपयोगी प्रकाश कमी पोचतो. जाळीची कड नायलॉनच्या दोरीवर दुमडून शिवून घ्या, मगच तारेला बांधा. नुसती टोकं बांधलेली जाळी वळवात शिडासारखी फुगून फाटते. मावळतीच्या बाजूनं जाळी जमिनीपर्यंत सोडा, दुपारनंतरचं तिरपं ऊन तिकडूनच आत घुसतं.

मधल्या पट्ट्यातलं कमानीचं घर उन्हाळ्यात चालवायचं असेल तर जाळी कागदाच्या वर, फूटभर अंतर सोडून ओढा. आतून बांधलेली जाळी सावली देते, पण ऊन तोवर कागदातून आत आलेलं असतं आणि उष्णता तिथेच राहते.

शहरात भिंतीला टेकून

शहापूर, टिळकवाडीसारख्या वस्तीत मोकळी जागा पाच फुटी बोळाएवढीच उरते. तिथे घराच्या पूर्वेच्या भिंतीला टेकून एकपाखी काढा: भिंतीशी आठ फूट, पुढे सहा फूट. सकाळचं ऊन मिळतं, दुपारचं टळतं, आणि घरच पश्चिमेचा पाऊस अडवतं. भिंत आणि छप्पर यांच्यामध्ये सहा इंच फट मुद्दाम सोडा. गरम हवा तिथूनच निघते.

एवढ्या लहान कामाला ६ मिलिमीटरचा पोकळ पॉलिकार्बोनेट पत्रा परवडतो. त्याच्या नळ्या उताराच्या दिशेनं हव्यात. यूव्हीचा थर एकाच बाजूला असतो, ती बाजू वर. टोकं टेपनं बंद केली नाहीत तर नळ्यांत पाणी आणि शेवाळ साठून पत्रा हिरवा होतो. स्क्रूचं भोक स्क्रूपेक्षा मोठं पाडा, कारण पत्रा उन्हात लांबतो. गच्चीवर मात्र कागदाचं छप्पर करू नका. पाया नसल्यानं वारा ते सहज उचलतो. तिथे जाळीवरच भागवा.

आत गेल्यावर

१० फूट रुंदीत कडेचे दोन वाफे अडीच-अडीच फुटांचे, मधला दोन फुटांचा, आणि दोन वाटा दीड-दीड फुटांच्या. मधल्या वाफ्यावर उंची मिळते, तिथे टोमॅटो किंवा वेल. कडेला ढबू मिरची, मेथी, पोकळा, कोथिंबीर. संकेश्वरी मिरचीला आत जागा घालवू नका, ती उघड्यावर चांगली येते. नुसता तरवाच वाढवायचा असेल तर एवढं घरही नको. ८ मिलिमीटर सळीच्या दोन फूट उंच कमानी तीन-तीन फुटांवर रोवून त्यावर कागद टाकला की पुरतो, मात्र दहा वाजता तो दोन्ही बाजूंनी उचललाच पाहिजे.

पांढऱ्या माशीसाठी ४० मेशची (इंचाला ४० भोकांची) जाळी लावली तर मधमाशीही आत येत नाही. साध्या काकडी-दोडक्याला मग फळ धरत नाही. परागीभवनाशिवाय धरणारी काकडीची जात घ्या, नाहीतर नरफूल मादीफुलाला टेकवा, काकडीला सकाळी आणि दोडक्याला संध्याकाळी. टोमॅटोची ताटी रोज सकाळी हलकी हलवली तरी काम भागतं.

छपराखाली भर पावसाळ्यातही पाणी द्यावं लागतं, हे लोक विसरतात. आणि पाऊस आत येत नसल्यानं खतांचे क्षार धुऊन जात नाहीत. वाफ्यावर पांढरी खरपुडी दिसली की समजावं. वर्षातून एकदा, कागद उतरवण्याच्या किंवा बदलण्याच्या वेळी, वाफे एका चांगल्या पावसात भिजू द्यावेत, किंवा भरपूर गोडं पाणी सोडून ते खाली निथळू द्यावं.

गंधकाची फवारणी करताना कागदावर उडू देऊ नका, गंधकानं त्याचं आयुष्य कमी होतं. बारीक चीर दिसली की त्याच दिवशी कोरडी पुसून आतून-बाहेरून यूव्हीची टेप लावा. तिसऱ्या उन्हाळ्यानंतर कागद बोटात धरून घडी घाला. घडीवर पांढरी रेघ उमटून तो तडकला, तर रोहिणी निघण्याआधी नवा आणून ठेवा.